नाकशेठचं बंद नाक

आज ताटं भरलेलीच परत आली तर उद्यापासून जेवणाचे डबे बाहेरून मागवणार, असं वृद्धनिवास चालवणाऱ्या मॅडमनी तिथल्या आचाऱ्याला बजावलं आणि नेमकं त्याच दिवशी त्याचं नाक बंद होतं.

हे नाक साधंसुधं नव्हतं. त्याच्यामुळेच आचाऱ्याला सगळे नाकशेठ म्हणत. चमच्याने चव घेऊन बघण्यात त्याला कमीपणा वाटे. पातेल्यावरचं झाकण बोटभर उचलायचं, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "झालं!" नाक इतकं तिखट की लसणाची एक पाकळीही त्याला भरपूर वाटायची. मिरी तर पातेल्याला नुसती दाखवली तरी पुरे. असं नाजूक जेवण तो मोठ्या प्रेमाने रांधायचा आणि म्हातारी मंडळी ते तितक्याच निष्ठेने ताटात टाकून उठायची.

सर्दी तशी उतरली होती. शिंका गेल्या, खोकला गेला, डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलं. नाक तेवढं गच्च राहिलं. हे मॅडमना सांगायची सोय नव्हती. ज्या नाकावर नोकरी मिळाली तेच चालत नाही म्हटल्यावर त्यांनी तिथल्या तिथे डबेवाल्याला फोन लावला असता.

टोमॅटोचं सूप उकळलं. नाकशेठने झाकण उचललं, डोळे मिटले, श्वास घेतला. चेहऱ्याला वाफ लागली, बाकी काही नाही. शेवटी त्याने इकडेतिकडे बघत गुपचूप चमचा उचलला.

"मीठ कळतंय," तो पुटपुटला. "आंबट कळतंय. थोडं गोडही कळतंय. पण सूप कुठंय?"

त्याने लसणाच्या चार पाकळ्या ठेचून टाकल्या. सूप सापडेना. अख्खा गड्डा टाकला, तरी पत्ता नाही. मग लोण्यावर कांदा तांबूस परतून टाकला, आलं किसलं, मूठभर मिरी कुटली. मिरी जिभेला चावली तेव्हा कुठे पातेल्यात काहीतरी आहे, असा त्याला धीर आला. मीठ मात्र जिभेला बरोबर लागत होतं, म्हणून त्याला त्याने हात लावला नाही. हाच न्याय मग बटाट्यांना आणि कस्टर्डमधल्या दालचिनीलाही मिळाला.

कपडे धुणाऱ्या मावशी वाळत घालायचे कपडे आणि चिमट्यांची टोपली घेऊन दारावरून चालल्या होत्या. त्या जागीच थबकल्या.

"अगं बाई! केवढा वास सुटलाय!"

"चांगला की वाईट?" नाकशेठने घाबरत विचारलं.

"मोठा!" मावशी म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून पुढे गेल्या.

जेवणाची घंटा झाली. मॅडमनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"हे सूप आहे की शिक्षा? म्हातारी माणसं आहेत ही! थांबा, कुणी खाऊ नका!"

कुणी थांबलं नाही. दालनात चमच्यांचा आवाज तेवढा येत होता. सगळ्यांत जास्त तक्रारी करणाऱ्या हेडआजी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वाटीवर वाकून अगदी गप्प बसल्या होत्या. नाकशेठ धावत त्यांच्याजवळ गेला.

"आजी, काय होतंय?"

"वास येतोय," हेडआजी म्हणाल्या. "लसणाचा. मला वास येतोय रे! मला इतके दिवस वाटायचं, तू लसूण घालतच नाहीस."

"अजून आहे का?" पलीकडून ड्रायव्हरकाकांनी वाटी आपटली. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, आवाजही तसाच. "का सगळं मॅडमच्या ताटात गेलं?"

तेवढ्यात तपासणीला आलेले डॉक्टर वासाच्या मागावर थेट जेवणघरात शिरले. मॅडमनी रडवेल्या डोळ्यांनी सगळी हकिकत सांगितली, तशी ते खो खो हसले.

"अहो, जिभेला कळतं ते मोजकंच. खारट, गोड, आंबट, कडू, असलं. बाकीची गंमत सगळी वासाची. घास चावला की वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि आपण जिभेचं कौतुक करतो. वय झालं की नाक मंदावतं. यांच्याशी लसणाने कुजबुजून कसं चालेल? ओरडायलाच हवं."

नाकशेठला राहवलं नाही. "मॅडम, खरं सांगू? आज मला कसलाच वास येत नव्हता."

"आम्हाला तरी कुठे येतो!" हेडआजी म्हणाल्या. "म्हणून तर जमलं."

ताटं परत आली ती पुसल्यासारखी लख्ख. नोकरी वाचली. नाकशेठ त्या दिवशी शीळ घालत घरी गेला.

पण पुढच्याच आठवड्यात घात झाला. त्याचं नाक उघडलं! त्याने आनंदाने झाकण बोटभर उचललं, डोळे मिटले, एका पाकळीच्या वासावर खूश होऊन म्हणाला, "झालं!" आणि दुपारी ताटं भरलेलीच परत आली. मॅडमनी पुन्हा डबेवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात हेडआजी उभ्या होत्या. मागे ड्रायव्हरकाका, त्यांच्यामागे उरलेली मंडळी. आजींनी मूठ उघडली. तीत मावशींच्या टोपलीतला कपड्यांचा चिमटा होता.

"लाव."

"आजी, अहो, माझ्या नाकाला काही मान आहे..."

"नाक तुझं आहे, जेवण आमचं आहे. लाव म्हणते ना!"

नाकशेठने निमूटपणे नाकाला चिमटा लावला, चमचाभर सूप जिभेवर घेतलं आणि विचारात पडला.

"बीठ ठीक आहे," तो म्हणाला. "पण सूप कुठंय?"

"हं," हेडआजी समाधानाने म्हणाल्या. "आता सोल लसूण."

तेव्हापासून वृद्धनिवासात एकही ताट भरलेलं परत येत नाही. बाहेरून डबा येतो तो एकच. मॅडमचा.