थंड गाड्यांचे कंपाउंडर

आमच्या दामूनानांच्या कानटोपीला उजव्या बाजूला एक भोक आहे. ते उंदराने पाडलेलं नाही. नानांनी स्वतः कात्रीने कापून, कडेने काळ्या दोऱ्याने शिवून घेतलं आहे, शर्टाच्या काजासारखं. डिसेंबर लागला की धुळ्यात आमच्या देवपुराकडे सकाळी साडेसहाला बादलीतल्या पाण्याकडे नुसतं बघितलं तरी दात वाजतात. अशा थंडीत डावा कान झाकलेला आणि उजवा कान भोकातून बाहेर काढलेला, असे नाना आपल्या फाटकाशी उभे असायचे. गल्लीतली एखादी गाडी सुरू होण्याची वाट बघत.

"दोन्ही कान कशाला गारठवायचे?" ते म्हणायचे. "तपासायला एक पुरतो."

नाना मेकॅनिक नव्हते. पस्तीस वर्षं ते साक्री रस्त्यावरच्या एका गावात डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. बाकावर बसलेल्या पेशंटच्या खोकल्यावरून कोणाला आधी आत पाठवायचं हे ते ठरवायचे. निदान मात्र डॉक्टर करणार आणि नाना औषधाच्या बाटलीवर डोस मोजायच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवणार. पस्तीस वर्षांत त्यांनी एकाही रोगाचं नाव आपल्या तोंडाने घेतलं नाही, म्हणजे पेशंटसमोर घेतलं नाही. ती सगळी तुंबलेली निदानं निवृत्तीनंतर आमच्या गल्लीतल्या गाड्यांवर सुटली.

गाड्यांची विद्या ते डॉक्टरांच्या जीपवर शिकले. पहाटे कुठल्यातरी पाड्यावरून बोलावणं यायचं आणि जीप सुरू व्हायची नाही. डॉक्टर स्टेअरिंगवर, नाना मागून ढकलायला. "गाडी पोटातून काय बोलते ते ढकलणाऱ्यालाच कळतं, सर," ते मला सांगायचे. "आणि आपली जीप रुसली म्हणून तिकडचा पेशंट थांबत नाही."

मला ते 'सर' म्हणायचे आणि लगेच 'तू' म्हणायचे. पदवीचा मान म्हणून 'सर' आणि वयाचा हक्क म्हणून 'तू'. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी आणि पहिली चारचाकीही मीच घेतलेली, जुनी, डिझेलवर चालणारी. पदवीचं काय करायचं हे मला हळूहळू कळलं. गाडीचं कळत नव्हतं.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी मी घाईत चावी फिरवली. गाडी कण्हली, थरथरली आणि गप्प झाली. मी पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवणार तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "थांब. मारतोस का तिला?"

नाना आत आले ते थेट चौकशीला लागले.

"रात्री कुठे झोपली होती?"

मला आधी कळेना कोणाबद्दल विचारतात. माझी बायको सुनंदा दारात उभी होती, तिनेही माझ्याकडे बघितलं.

"गाडी," नाना म्हणाले.

"इथेच. अंगणात."

"उघड्यावर? आणि तोंड उत्तरेला? शाबास. कण्हणं आजच सुरू झालं की आधीपासून आहे?"

"तीन-चार दिवस आहे."

"मग तीन-चार दिवस काय करत होतास? शिकलेली माणसं नेहमी उशिरा येतात." मग त्यांनी मला अर्धी चावी फिरवायला लावली. समोर एक पिवळा दिवा लागला. "हा विझेपर्यंत हात लावायचा नाही. आत हीटर तापतोय. तुला कोणी झोपेतून उठवून लगेच पळायला सांगितलं तर पळशील का?"

दिवा विझला. मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर नानांनी एक बोट वर केलं, डोळे मिटले आणि उजवा कान बॉनेटकडे नेला.

"श्श. बोलू दे तिला."

गाडी बरंच काही बोलली. पहिले पाच सेकंद 'चीं' झालं. तो पट्टा, म्हणाले, थंडीने कडक झालाय, घसरतो. मग टकटक. ते तेल, रात्रभर खाली उतरून बसलंय, वर चढेपर्यंत सांधे वाजणार. संध्याकाळी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला केसपेपर आणून दिला. पेशंटचं नाव: सरांची गाडी. वय: अंदाजे बारा. तक्रार: पहाटे कण्हणे. उपाय: रात्री अंगावर पांघरूण.

हा पांघरुणाचा उपाय त्यांनी गल्लीत सगळ्यांनाच लिहून दिला. त्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या अकरापैकी सात गाड्या गोधड्या पांघरून झोपायच्या आणि घरात माणसं चादरीखाली कुडकुडायची. विम्याचं काम करणारे शेजारी एकदा घाईत गोधडीसकट निघाले. पारोळ्यापर्यंत लोक त्यांना हात दाखवत होते आणि तेही सगळ्यांना हात दाखवत होते. इतकी ओळख आपली या रस्त्यावर आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नानांचं निदान सहसा चुकायचं नाही. एकदा माझ्या गाडीतून क्लच दाबला की 'चूं' असा आवाज येऊ लागला. गॅरेजवाल्याने क्लच उतरवायला लागेल असं सांगून दोन दिवसांनी बोलावलं. नानांनी तीनदा क्लच दाबायला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हे लोखंड नाही. रबर आहे." मग गुडघ्यांवर बसून, माझ्या पायांतून हात घालून, पेडलच्या मागून माझ्या मुलाचा शिट्टी वाजणारा बूट बाहेर काढला. महिन्याभरापूर्वी हरवलेला. त्याच्या जोडीचा आम्ही टाकूनही दिला होता.

फी काही नाही. फक्त एक अट होती, "संध्याकाळी येऊन कशी आहे ते सांगून जायचं." लोक सकाळी अगदी मान डोलावून हो म्हणायचे आणि संध्याकाळी विसरायचे. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी जायचो, कारण पहिल्याच वेळी मी गेलो तेव्हा त्यांनी चहाचे दोन कप आधीच काढून ठेवलेले होते.

त्यांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. त्याचं लग्न व्हायचं होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. नाना फोन कायम स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे ते बोलणं निम्म्या गल्लीला पाठ होतं.

"बाबा, इकडे या. एकटे काय करता तिथे?"

"एकटा कुठे? अकरा गाड्या आहेत. थंडीत त्यांना कोण बघेल?"

"उन्हाळ्यात या मग."

"उन्हाळ्यात तब्येती चांगल्या असतात. तेव्हाच तर हिवाळ्याची तयारी करून घ्यायची असते."

पण त्या अकरा गाड्या कमी होत गेल्या. कोणी नवी घेतली, तिला काही झालं की शोरूमचा माणूस घरी यायचा. कोणाची बदली झाली. गेल्या वर्षी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या शांतिलालशेठनी विजेवर चालणारी गाडी आणली आणि मोठ्या प्रेमाने नानांना बोलावलं. नाना टोपी नीट करून गेले. कान बॉनेटजवळ नेला, बोट वर केलं.

"करा सुरू, शेठ."

"सुरूच आहे, नाना."

नानांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. "बरं. मग आता करा सुरू."

"अहो, चालू आहे. हे बघा, पुढे घेऊ का?" गाडी हातभर पुढे सरकली. नाना बाजूला झाले.

"छान आहे," ते शेवटी म्हणाले. "पण जो पेशंट बोलतच नाही, त्याला काय दुखतं ते कोणी ओळखायचं?"

शांतिलालशेठनी पेढा दिला. नानांनी तो खिशात ठेवला.

या हिवाळ्यात गल्लीत खरी दुखणाईत गाडी एकच उरली, माझी. आणि तीही मी विकायला काढली. गावाहून आई-वडील आमच्याकडे राहायला आले होते, वडिलांना दवाखान्यात वेळेवर न्यावं लागायचं, सकाळी नक्की सुरू होईल अशी गाडी मला हवीच होती. सुनंदा म्हणाली, "ते सगळं खरं. पण ही गेली की नाना सकाळी उठून काय करतील? त्यांचं पुण्याला न जायचं कारणच संपेल."

दोन दिवस मी त्यांना चुकवलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "दाखवणार कधी?"

"रविवारी दुपारी. सोनगीरकडचे आत्माराम आप्पा म्हणून आहेत."

"दुपारी नाही. सकाळी सहाला बोलाव. तापलेली गाडी दाखवून विकणं म्हणजे ताप उतरवून पोरगी दाखवण्यासारखं आहे. थंड दाखव."

रविवारी आप्पा आले, डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर. नाना आधीच गाडीशी उभे. खरं सांगतो, नानांनी तोंड उघडलं की सौदा मोडणार, हे मला दिसत होतं. सौदा मोडला तर त्यांचाच फायदा होता, हेही दिसत होतं.

आप्पांनी अहिराणीत त्यांनाच सगळं सांगायला सांगितलं, "नाना, गाडी कशी शे? बठ्ठं सांगा."

"बठ्ठं सांगस. तू फक्त आयक." दिवा विझला, गाडी सुरू झाली आणि नानांनी एकेक आवाज आप्पांना ओळख करून दिल्यासारखा सांगितला. ही 'चीं' पाच सेकंदांची, सहावा सेकंद लागला तर पट्टा बदलायचा. ही टकटक शंभर मोजेपर्यंत. तोवर एक्सलेटर दाबायचा नाही, तिच्याशी भांडायचं नाही. डावीकडून जो खुळखुळ येतो तो पत्र्याचा आहे, इंजिनाचा नाही, त्याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर गाडी माझ्याकडे आण. आणि एक दुखणं मोठं आहे, ते वर्षभरात डोकं वर काढेल, तेव्हा इंजिन खोलावं लागेल.

एवढं ऐकल्यावर मी सौद्यावर पाणी सोडलं होतं. आप्पा गाडीभोवती एकदा फिरले आणि मफलर सोडून पुन्हा बांधला.

"हाई गाडी माले चाली," ते म्हणाले. "जिनं दुखनं माहीत शे, ती फसाडस नही."

नानांनी खिशातून केसपेपर काढून त्यांच्या हातात दिला. पेशंटच्या नावापुढचं 'सरांची' खोडून 'आप्पांची' असं त्यांनी घरूनच लिहून आणलेलं होतं.

त्यानंतर आठवडाभर नाना साडेसहाला फाटकाशी उभे राहिले. दूधवाल्याची मोटरसायकल जायची, ती चांगल्या तब्येतीची होती. मग ते सातला आत जायचे. रविवारी प्रशांतचा फोन आला तेव्हा गाड्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. "बघू," एवढंच म्हणाले. पुण्याला जायला ते तयार नव्हतेच. आता त्यांच्याकडे सांगायला कारण उरलं नव्हतं, इतकंच.

बुधवारी सकाळी मला कॉलेजला सुट्टी होती. सुनंदाने नानांना चहाला बोलावलं. सव्वानऊच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. प्रशांत होता. बुधवारी त्याचा फोन कधी यायचा नाही.

"सहज केला, बाबा. थंडी आहे का?"

"आहे. तू कुठे आहेस?"

"ऑफिसला निघालोय. रस्त्यातच आहे."

नानांनी बोट वर केलं आणि डोळे मिटले. मला वाटलं बाहेर एखादी गाडी आली. "बरं," ते म्हणाले, "सांभाळून जा." फोन बंद झाला तरी बोट वरच होतं.

"रस्त्यात नाही तो," नाना म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं.

"मागे हॉर्न नाही, रिक्षा नाही, माणूस नाही. घड्याळ टिकटिकत होतं. त्याच्या स्वयंपाकघरातलं. मीच घेऊन दिलंय."

"रजा असेल," सुनंदा म्हणाली.

"रजा असती तर रजा म्हणाला असता. रविवारीही घोगरा बोलत होता. मी माझ्याच तंद्रीत होतो, ऐकलं नाही."

प्रशांतची नोकरी दिवाळीनंतरच गेली होती आणि वडिलांना सांगायचं कसं म्हणून तो रोज घरात एकटा बसून राहायचा, हे आम्हाला पुढे कळलं. त्या वेळी नानांना एवढंच कळलं होतं की मुलगा बंद घरातून खोटं बोलतो आहे. चहावर साय धरली. मी म्हटलं, "नाना, सरळ विचारा त्याला."

"विचारलं की 'काही नाही' म्हणेल," नाना म्हणाले. "पेशंट घाबरलेला असला की हेच म्हणतो."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि फोन परत लावला. स्पीकर चालूच होता.

"प्रशांत, मघाशी सांगायचं राहिलं. माझं इथे काही खरं नाही रे. गाड्या संपल्या सगळ्या. सरांनीसुद्धा विकली. सकाळी उठून मला काही कामच राहिलेलं नाही, घर खायला उठतं." ते थांबले. "मला एकट्याला करमत नाही. थोडे दिवस तुझ्याकडे आलो तर चालेल का? तुला अडचण नसेल तर."

मी नानांकडे बघितलं. त्यांच्या तोंडून खोटं निदान मी कधी ऐकलं नव्हतं, आणि हेही खोटं आहे असं मला म्हणता येईना.

पलीकडून मलाही ते घड्याळ ऐकू आलं.

"या ना, बाबा," प्रशांत म्हणाला. "आजच निघता का?"