मागे लागलेली मुलगी

तुम्हाला म्हणून सांगते, पोलीस व्हायला लागणारे सगळे गुण माझ्यात जन्मापासून ठासून भरलेले आहेत. नजर घारीची, कान तिखट, आणि संशय तर असा की आईने चहा टाकला तरी मी विचारायचे, "कोण येणार आहे?" पाय मात्र पलंगाचे मिळाले. भक्कम, पण जागचे हलायचे नाहीत. आणि पोलीस भरतीत आधी नेमके पायच बघतात!

"तू पोलीस?" दादा पोट धरून हसला होता. "चोर पळून जाईल, लग्न करेल, त्याची पोरं शाळेत जायला लागतील, तेव्हा कुठे तू कोपऱ्यावर पोचशील!"

झालं! मी त्याच रागात बॅग भरली. मोठ्या शहरात जायचं, भरतीची तयारी करायची आणि घरात पाऊल टाकायचं ते वर्दी घालूनच, असं सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी अडवलं नाही.

शहरात खोली मिळाली ती एका छापखान्याच्या डोक्यावर. खाली यंत्र सुरू झालं की माझी बादली थरथरत थरथरत मोरीतून निघायची आणि दारापर्यंत यायची. त्या खोलीत आपणहून माझ्याकडे येणारी तेवढी एकच! दुपारी मी कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावायचे. तिथली सगळी मंडळी कानात गाणी घालून काम करायची. "सरक" आणि "पत्ता फाटलाय", एवढ्या दोन वाक्यांवर माझा दिवस निघायचा.

संध्याकाळी खोलीवर मुलाखतीचा सराव. आरशासमोर मीच उमेदवार आणि मीच अधिकारी.

"पोलीस का व्हायचंय?" मी कडक आवाजात विचारायचे.

"समाजाची सेवा करायची आहे, सर."

"खोटं बोलू नका!"

मग आम्ही दोघीही गप्प बसायचो.

आईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न, "मैत्रिणी झाल्या का गं?"

"पुष्कळ! श्वास घ्यायला फुरसत नाही बघ!"

श्वासाचं खरं होतं, पण त्याला कारण धावणं होतं. शहराच्या कडेला एक तळं होतं आणि तळ्याभोवती छान रस्ता. तिथे मी रोज सकाळी धावायचे, म्हणजे घड्याळ पुढे धावायचं आणि मी मागून लोंबकळत जायचे. एकटीने धावताना काय होतं, थांबलं तर कुणी विचारत नाही. आणि कुणी विचारत नाही म्हटल्यावर पाय थांबायला टपलेलेच असतात.

अशात मला काका सापडले.

निळी टोपी, पांढरे बूट, आणि खिशात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की धावताना टांग्याचा घोडा चालल्यासारखा आवाज! धावताना म्हणायचं आपलं. चालण्यालाच त्यांनी थोडी घाई लावलेली असायची. मी ठरवलं, यांना गाठायचं नाही. नुसतं मागे राहायचं, ठरावीक अंतरावर. पुढे माणूस असला की पाय आपोआप उचलतात.

आणि काय चमत्कार! काकांचा वेग वाढू लागला. ते अधूनमधून वळून बघायचे. मी हसायचे. ते आणखी जोरात पळायचे. काय जिद्द, काय उमेद! मग ते रस्ते बदलू लागले. कधी बाजारातून, कधी दवाखान्याच्या मागून. एकदा तर त्यांनी पाण्याच्या टाकीला घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या मारल्या. मला वाटलं, किती विविधता आणतात हे सरावात! एका सकाळी ते उभ्या ट्रकमागे जाऊन बसले. दमले असतील बिचारे, असं म्हणून मी समोरच्या झाडाखाली पाय ताणत थांबून राहिले. बऱ्याच वेळाने टोपी हळूच बाहेर आली. मी हात हलवला. टोपी आत गेली!

धावता धावता मी निरीक्षणाचाही सराव करायचे. माणूस नुसता बघून त्याची माहिती काढता आली पाहिजे, असं तपासाच्या पुस्तकात लिहिलं होतं. काकांची माझ्याकडे भरपूर माहिती जमली. आमच्यात एका शब्दाचं बोलणं झालेलं नव्हतं, पण एखाद्या सकाळी ते दिसले नाहीत की माझा दिवस खराब जायचा. गोदामात कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, "आज आमचे काका आले नाहीत." कुणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तर त्या दिवशी उतारावर काकांच्या खिशातून जुडगा पडला आणि त्यांना कळलंच नाही! मी धावत जाऊन उचलला. म्हटलं, चला, आज ओळख होणार!

"काका! अहो काका! थांबा!"

काकांनी वळून बघितलं. त्यांना काय दिसलं असेल? हातात काहीतरी चकाकतंय, ते डोक्यावर उगारलंय, आणि मी सुसाट येतेय!

"धावा!" काका ओरडले. "धावा! धावा!"

मला वाटलं, मलाच प्रोत्साहन देतायत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला प्रोत्साहन देत होतं हो! माझ्या अंगात वीज संचारली. मी अशी धावले, अशी धावले की दूधवाल्याची सायकल मागे पडली. काका चौकातून वळले, मीही वळले. काका एका फाटकातून आत शिरले, मीही शिरले. समोर टेबल होतं म्हणून थांबलो, नाहीतर दोघे भिंतीतून पलीकडे गेलो असतो.

ते पोलीस ठाणं होतं.

ज्या इमारतीत ताठ मानेने शिरायची मी स्वप्नं बघत होते, तिच्यात मी पहिलं पाऊल टाकलं ते आरोपी म्हणून!

"हीच ती!" काका टेबलामागच्या हवालदारबाईंना म्हणाले. "कित्येक दिवस माझ्या मागावर आहे! बघा, माझ्या घराच्या किल्ल्याही हिच्याच हातात!"

हवालदारबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जुडग्याकडे बघितलं. जुडगा खळखळून हसला.

"आजोबा, आधी बसा," हवालदारबाई म्हणाल्या.

"काका म्हणा," काका धापा टाकत म्हणाले.

"काका, तुमचं कुणाशी वैर?"

"अर्ध्या शहराशी! गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घ्यायचो मी. जन्मभर लोकांना नापास केलं. चौकात वळताना हात दाखवला नाही, नापास! आरशात बघितलं नाही, नापास! हीसुद्धा त्यातलीच असणार. सूड घ्यायला आलीय!"

"मला सायकलसुद्धा धड येत नाही!" मी ओरडले. "मॅडम, मी पोलीस भरतीची तयारी करतेय!"

हवालदारबाईंचं पेन थांबलं. "भरती? मग तुला माहीतच असेल, निवड झाल्यावर चारित्र्याची चौकशी होते. ह्यांनी तक्रार दिली, की तुझं नाव इथे लागलं."

वर्दी घालूनच घरी येणार म्हणून सांगून बसले होते. आता मी जाणार कुठे? मग घाबरलेलं माणूस जे करतं तेच मी केलं. भडाभडा बोलत सुटले.

"मॅडम, मी कशाला यांचं वाईट करू? मी चांगली ओळखते यांना! उजवा गुडघा दुखतो, उतारावर तो हाताने धरतात. तळ्याच्या मागच्या पिवळ्या इमारतीत राहतात, खालचं घर. दुधाची एकच लहान पिशवी घेतात. घरी कुणी येत नाही, दाराबाहेर चपला कधी नसतात."

"बघा!" काका किंचाळले. "सगळी माहिती काढलीय!"

"आणि रविवारी धावायला येत नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालतात, तळ्याजवळच्या बाकावर येऊन बसतात. मला वाटायचं, कुणाची तरी वाट बघतायत. पण कुणीच येत नाही. मग शर्टावरची धूळ झटकून परत जातात."

कोपऱ्यात कुणीतरी टाइप करत होतं, ते थांबलं. काका टोपी काढून हातात फिरवू लागले. मला वाटलं, तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

हवालदारबाईंनी घसा खाकरला. "बरं. तुझ्याकडचं कोण आहे इथे? कुणाला बोलावून घेऊ?"

"कुणी नाही."

"अगं, एवढ्या मोठ्या शहरात एक तरी ओळखीचं माणूस असेल ना!"

मी खूप विचार केला. छापखानेवाला फक्त भाड्यापुरता तोंड दाखवायचा. गोदामात कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं. शेवटी मी काकांकडे बोट केलं.

"हेच."

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच न पळता. मग हवालदारबाईंकडे वळून कुरकुरत म्हणाले, "माझी साखर उतरलीय. डॉक्टर म्हणाले, नवीन गोळी सुरू केलीत का? मी म्हटलं, गोळी नाही, एक मुलगी मागे लागलीय. तर माझं अभिनंदन केलं मेल्याने!"

हवालदारबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

"तक्रार लिहून घेऊ का काका?"

"कसली तक्रार? आण त्या किल्ल्या इकडे." आणि मग माझ्याकडे न बघता, "उद्यापासून मागे नको. बाजूने धाव. मागून पावलं वाजली की छातीत धडधडतं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शेजारी शेजारी धावू लागलो आणि माझ्या तयारीचा पार बट्ट्याबोळ झाला! काका बोलायचे. अहो, किती बोलायचे! कितीतरी वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर. काकू कशा गेल्या, मुलगी परदेशात काय करते, कोण कसा नापास झाला. आणि मीही काही कमी नाही, छापखान्यावरच्या बादलीपासून दादाच्या हसण्यापर्यंत सगळं सांगून झालं. बोलताना कुणी धावतं का? आमचा वेग इतका उतरला की बदकं आम्हाला मागे टाकून जाऊ लागली.

हे आधी काकांच्याच लक्षात आलं. परीक्षकाची नजर ती!

"नापास!" ते एक दिवस रस्त्यातच थांबून म्हणाले. "तू माझ्याबरोबर धावलीस तर जन्मात पोलीस होणार नाहीस. हो पुढे. मी इथे बाकावर बसतो. फेरी मारून ये, मग बोलू."

मग मी फेरी मारायचे. बाकावर कुणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर पाय कसे उचलायचे म्हणून सांगू! एवढं करूनही भरतीच्या धावण्यात मी निसटती पास झाले. लेखी परीक्षेने तारलं. निकाल सांगायला काकांना फोन केला, तर म्हणाले, "वळताना आरशात बघत जा." आणि फोन ठेवून दिला. रडत असावेत. नक्की सांगता येत नाही, कारण मीही रडत होते.

प्रशिक्षणात उन्हात उभं केलं, चिखलात लोळवलं, दोरावर लटकवलं. माझे पलंगाचे पाय वाऱ्यासारखे धावू लागले. आणि मग खात्याने मला पहिली नेमणूक दिली, नियंत्रण कक्षात. टेलिफोनवर! खुर्चीत बसून! दुसऱ्याच शहरात, जिथे पुन्हा माझ्या ओळखीचं कुणीही नव्हतं. बंदोबस्ताची स्वप्नं बघणारी मी, आता दिवसभर फिरते ती फक्त खुर्चीसकट.

परवाच एक फोन आला.

"बोला, काय मदत हवी?"

"काही नाही गं बाई," एक आजी होत्या. "फोन चालतोय का बघत होते."

"चालतोय, आजी."

"हं."

नियमाप्रमाणे मी फोन ठेवायला हवा होता. पण पलीकडे त्यांनीही ठेवला नाही. मग त्या म्हणाल्या, "आज गार आहे, नाही?" मी म्हटलं, "हो ना, तुमच्याकडे जास्त असेल." तिथून गुडघे, तिथून सूनबाई, तिथून गच्चीवरची कबुतरं. मी मागे रेलून अगदी रंगात आले होते, तेवढ्यात साहेब येऊन उभे राहिले.

"केव्हापासून चाललंय हे! काय प्रकरण आहे? चोरी? मारामारी?"

मी ताडकन सरळ झाले. "तपास चालू आहे, सर!"

"कसला तपास? कबुतरांचा?" साहेब एवढ्या मोठ्याने ओरडले की सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. मी मान खाली घातली.

पलीकडून आजी कडाडल्या, "कोण ओरडतंय गं तुझ्यावर? नाव सांग त्याचं! आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन लावते!"