हेडक्लार्कसाहेबांचं विंबल्डन

कचेरीतल्या टेबल टेनिसचं वेळापत्रक फलकावर लागलं, तेव्हा हेडक्लार्कसाहेबांचं नाव एकाच ठिकाणी होतं. थेट अंतिम सामन्यात.

"म्हणजे आम्ही घाम गाळायचा आणि तुम्ही डायरेक्ट फायनल?" आवक-जावकच्या ताईंनी विचारलं.

"विंबल्डनचा जुना नियम आहे," साहेब म्हणाले. "गेल्या वर्षीचा विजेता नुसता बसून राहायचा. बाकीच्यांनी आपापसात लढायचं, उरेल त्यानं त्याच्याशी भिडायचं. आणि कपडे पांढरेच हवेत! नाहीतर सामना गेला. हाही तिथलाच नियम."

पहिला नियम तिथे शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाला, हे मात्र त्यांनी शिताफीनं गिळलं. विजेत्याला वर्षभर खिडकीजवळचं टेबल मिळे. बाकी कचेरीत भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे, त्यामुळे त्या टेबलावर साहेबांचा भारी जीव होता.

ताईंनी नाव दिलं ते केवळ एक खेळाडू कमी पडत होता म्हणून. बॅट कशी धरतात, इथपासून त्यांची तयारी. पण पहिल्या फेरीत समोरच्या कॅशियरची कंबर धरली. दुसऱ्या फेरीतल्या टायपिस्टची बदली झाली. उपांत्य फेरीत गाठ होती रेकॉर्डरूमच्या पठ्ठ्याशी. त्याची साहेबांनाच धास्ती, म्हणून नेमकं त्याच दिवशी त्यांनी त्याला प्रशिक्षणाला धाडलं. ताई बसल्याजागी फायनलला पोहोचल्या आणि साहेबांना आभाळ ठेंगणं झालं.

फायनलच्या आदल्या दिवशी नवे पांढरे शर्ट-पँट त्यांनी स्वतः मशीनमध्ये टाकले. "तुझ्या हातून डाग राहतात," असं बायकोला वर सुनावलं. मशीनमध्ये आधीच लाल टॉवेल होता.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," गुलाबी पँट वाळत घालत बायको म्हणाली. घरात दुसरं पांढरं म्हणाल तर उशीचे अभ्रेच होते.

दुसऱ्या दिवशी ताई पांढऱ्याशुभ्र ड्रेसमध्ये आल्या. पंच होते शिपाईमामा. त्यांनी साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं आणि फलकावरचा नियमांचा कागदच काढून आणला.

"पांढरे नसतील तर सामना गेला. खाली सही तुमचीच आहे, साहेब."

"अहो मामा, पांढराच आहे हा! जरासा लाजलाय, एवढंच."

कचेरी खो खो हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी ताईंचा हात वर केला.

दुपारपर्यंत ताईंची रजिस्टरं खिडकीपाशी गेली. ट्यूबलाइटखाली बसलेल्या साहेबांनी दात-ओठ खाल्ले. "पुढच्या वर्षी बघतोच!"

"या की," खिडकी सताड उघडत ताई म्हणाल्या. "पहिल्या फेरीपासून खेळत या. मी फायनलला आहेच. तोवर बॅट कशी धरतात तेवढं शिकून घेते."