डोमितिलाबाईंची जबडा-सभा

शनिवारी सकाळी डोमितिलाबाईंचा जबडा अडकला, आणि त्याच दिवशी दुपारी चारला त्यांना आयुष्यातलं पहिलं भाषण करायचं होतं. भाषणाचा विषय जबडाच होता.

सान हेरोनिमो गावातले लग्नाचे आणि पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे सगळे झगे बाई शिवत. टाचण्या दातांत धरून जन्म गेला. कधीतरी कानापुढच्या सांध्यात दुखणं येऊन बसलं ते उठलंच नाही. जातं निदान दळण सरलं की थांबतं. हे तोंडातलं जातं रिकामंच फिरायचं. घास घेताना कट्, जांभई देताना कट्. दातांच्या डॉक्टरनं दोन चांगल्या दाढा उपटल्या, कानाच्या डॉक्टरनं थेंब घातले, पाद्रीबाबांनी सहनशीलता सांगितली, आणि शेजारची पेत्रा म्हणाली, "एकटी राहतेस ना, म्हणून दुखतं."

शेवटी शहरातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं दोन्ही कानांपुढं दोन-दोन बोटं ठेवली. "उघडा तोंड. इथं ना?"

डोमितिलाबाई रडल्या. दुखलं म्हणून नव्हे; कुणाला तरी जागा सापडली म्हणून.

"याला नाव आहे, बाई. जबड्याच्या सांध्याचा विकार," डॉक्टरीण म्हणाली. "पुष्कळांना असतो. बोलत कुणी नाही, म्हणून कळत कुणाला नाही."

पुष्कळांना! परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर न बघता उतारूंच्या जबड्यांकडं बघत बसल्या. गावात असेल कुणीतरी. एक मिळालं तरी बास. आपल्यासारखं दुखणारं एक माणूस.

म्हणून त्या फिलेमोनकडं गेल्या. फिलेमोन आपल्या जुन्या गाडीवर भोंगा बांधून गावभर हिंडे. मक्याचे गरम तमाले आले, गॅस आला, कुणाचं डुक्कर हरवलं, कोण वारलं, सगळं त्याच्याच तोंडून गावाला कळे.

"सूर कोणता लावू, बाई?"

"किती आहेत?"

"दोन. एक नाचाचा, तो मालाला. दुसरा चर्चमधला, संथ."

बाईंनी विचार केला. दुखण्याच्या सभेला नाच काही बरा दिसेना. "संथच लावा."

"मलाही तेच वाटलं. मजकूर सांगा."

"बाजारामागच्या पिवळ्या घरातल्या डोमितिलाबाई. कित्येक वर्षं जबड्याच्या विकारानं बेजार. शनिवारी दुपारी चार वाजता सर्वांनी घरी यावं."

"घरची माणसं कोण घालू?"

"कुणी नाही."

"अरेरे," फिलेमोन म्हणाला, आणि मन चांगलं असल्यामुळं त्यानं पदरचं एक वाक्य जोडलं: "घरचं कुणी नाही, तरी गावानं आपलं कर्तव्य ओळखावं."

त्या गावाची एक रीत होती. संथ सूर लागला की बायका तवा खाली उतरवत, पुरुष टोपी काढत आणि सगळे फक्त नावाची वाट बघत. नाव आलं की पुढचं कुणी ऐकत नसे. पुढं काय असतं ते सगळ्यांना पाठ होतं.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपलं नाव त्या सुरात आलं की गाव आपल्यालाही मेलेलीच समजणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तर शनिवारी जबडा अडकला. चमचाभर पाणी जाईल एवढंही तोंड उघडेना. बाईंनी गरम मिठाची पुरचुंडी केली आणि पांढऱ्या रुमालानं हनुवटीखालून डोक्यावर गच्च बांधली. सभेसाठी काळा पोशाख घातला. तो चुरगळू नये म्हणून उताण्या पडल्या, हात पोटावर ठेवले, आणि रात्रभर झोप नसल्यामुळं त्यांचा डोळा लागला.

पहिली आली पेत्रा, हातात मेणबत्त्या घेऊन.

"अगं डोमे!" तिनं दारातच हंबरडा फोडला. "हनुवटीसुद्धा आपली आपण बांधून गेलीस गं! म्हणे कुणाला त्रास नको!"

बाईंनी डोळे उघडले. पण तोवर पेत्रानं एप्रन तोंडाला लावला होता. मग माणसं येतच राहिली. कुणी साखर आणली, कुणी कॉफीचं भांडं, आणि पाववाला निकानोर परातभर गोड पाव. सभेसाठी मांडलेल्या खुर्च्या कमी पडल्या. बाईंनी पापण्यांच्या फटीतून पाहिलं. या घरात इतकी माणसं! उठायला हवं होतं, कळत होतं. पण आपण उठलो की ही माणसं उठणार. म्हणून त्या आणखी थोडा वेळ पडून राहिल्या.

"मानी होती हो," एक बाई म्हणाली. "माझ्या पोरीचा लग्नाचा झगा शिवला, पण जेवायला म्हणून आली नाही."

"माझ्याकडं आली होती. मांसाला हात नाही, नुसतं सरबत पिऊन गेली. मी म्हटलं, असेल बाई, आमच्या हाताला नसेल चव!"

"आणि हसायची तरी कुठं? हसली की तोंडावर हात."

चावता येत नव्हतं! एवढंच बाईंना सांगायचं होतं, इतक्या वर्षांचं. त्या ताडकन उठून बसल्या आणि बांधलेल्या तोंडानं ओरडल्या, "अम्म्म्!"

निकानोर खिडकीतून बाहेर गेला. खिडकी अर्धीच उघडी होती. उरलेली त्यानं उघडली. पुढच्या खुर्च्या मागच्या खुर्च्यांवर गेल्या.

"पापांची कबुली द्यायचीय तिला!"

"पाणी पाजा, पाणी!"

"नाही हो," पेत्रा रडकुंडीला आली, "तिची इस्त्री माझ्याकडं आहे, ती मागतेय! देते गं, देते!"

बाईंनी जबड्याकडं बोट दाखवलं. पुन्हा दाखवलं.

"जबडा?" मागून कुणीतरी म्हणालं. "भोंग्यावर जबड्याचं काहीतरी होतं खरं."

पेत्रानं एप्रन खाली घेतला. "म्हणजे तू मेली नाहीस?"

बाईंनी मान हलवली.

"अगं, मग तसं सांगायचं ना! तीन भांडी कॉफी उकळलीय मी!"

माणसं आपापल्या वस्तू आवरायला लागली. साखर पुन्हा पिशवीत गेली, मेणबत्त्या विझल्या. "बरं झालं हं, बाई," असं जो तो म्हणत होता. पण म्हणत होता खेप फुकट गेलेल्या माणसासारखा.

एवढ्यात कासिल्दा आली. गावातल्या प्रत्येक मयताला प्रार्थना सांगणारी ती, मोठ्या आवाजाची. कुणाकडं न बघता ती थेट पलंगापाशी गेली, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"नमो मरि—"

कट्.

हा आवाज बाईंनी जन्मभर आपल्या डोक्याच्या आतून ऐकला होता. बाहेरून ऐकायची ही पहिलीच वेळ. त्यांनी हळूच हात पुढं केले आणि कासिल्दाच्या दोन्ही कानांपुढं दोन-दोन बोटं ठेवली.

"हं," कासिल्दा मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "तिथंच. जरा खाली." मग तिनं डोळे उघडले.

आता ही किंचाळणार म्हणून सगळे थांबले. कासिल्दा किंचाळली नाही. इतक्या मेलेल्यांसाठी तिनं प्रार्थना केली होती. नेमक्या जागेवर बोट ठेवणारी ही पहिलीच.

"जिवंत आहे ती," पेत्रा म्हणाली.

"दिसतंय मला," कासिल्दा म्हणाली आणि गावाकडं वळली. "ही जेवायला का येत नव्हती, विचारलंत कधी? चावलं की इथं सुरी फिरते. मला विचारा. मी एवढ्या मोठ्यानं प्रार्थना का म्हणते? हे कटकटणं तुमच्या कानावर पडू नये म्हणून. मला वाटायचं, माझं पापच आतून वाजतंय."

मग खिडकीबाहेरून निकानोरचा आवाज आला. "माझ्या बायकोचाही वाजतो. मी तिला म्हणायचो, नखरे पुरे."

"मग इथं काय उभा आहेस?" पेत्रा ओरडली. "जाऊन तिला सांग!"

तो गेला, खिडकीतूनच परात मागून घेऊन. त्याच्यामागून एकेक करत सगळे गेले. रिकाम्या खुर्च्यांमध्ये कासिल्दा तेवढी उरली. बाईंनी तिच्यापुढं कॉफीचा पेला ठेवला.

"जिवंत माणसाच्या घरी मला कुणी बोलवत नाही, बाई," कासिल्दा म्हणाली. "अपशकुन म्हणतात. त्यामुळं अशा ठिकाणी काय बोलायचं ते येत नाही मला."

तिनं पेला हातात फिरवला, अवघडून इकडंतिकडं पाहिलं, आणि मयताच्या घरी जे सगळ्यात आधी विचारतात तेच तिच्या तोंडून निघालं.

"फार सोसलं का हो?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. डोमितिलाबाईंनी मान डोलावली. डोलावतच राहिल्या. डोळ्यांतलं पाणी रुमालात जिरलं.

कासिल्दानं त्यांच्या हातावर थोपटलं, आणि सवयीनंच पुढचं म्हटलं, "चला, सुटलात बिचाऱ्या."

क्षणभर दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग हसू आलं, आवरेना, आणि दुखलंही तसंच. चारही हात एकदम कानांपुढं गेले.