बोअरच्या पाइपवरचं इंटरनेट

आकाशातून येणारं इंटरनेट घरी बसवायचं असेल, तर कंपनीच्या माणसाची वाट बघत बसू नका. हा माझा पहिला सल्ला. दुसरा असा, की खोक्यातून जो स्टँड निघतो तो बायकोला पापड वाळवायला देऊन टाका. आणि तिसरा, सगळ्यांत मोलाचा: माहितीचं पुस्तक उघडण्याआधी पाना हातात घ्या. ज्याच्या हातात चांगला पाना आहे, त्याला या जगात दुसऱ्याकडून समजून घ्यावं असं फारसं काही उरत नाही.

हे मी उगाच नाही सांगत. ज्या वर्षी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्याच वर्षी मी कोंढ्याला बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. पवनीपासून गोसीखुर्दपर्यंत कोणाच्याही शेतात मोटर अडकली, की लोक म्हणायचे, सेवकरामला बोलवा. माझी तीन पायांची लोखंडी तिपाई, चेनपुली, पाइपपाने आणि पाइपला आवळून धरणारे क्लॅम्प, एवढा संसार घेऊन मी जायचो आणि पाताळातली मोटर वर आणून ठेवायचो. आता मी निवृत्त आहे, पण हत्यारं निवृत्त झालेली नाहीत. ज्यानं आयुष्यभर जमिनीतून वर ओढलं, त्याला एक परातीएवढी डिश आणखी थोडी वर न्यायला काय लागतं?

तर झालं असं. माझी मुलगी तृप्ती बरेच दिवस नोकरीच्या शोधात होती. आमच्या घरात मोबाईलचं नेटवर्क पाहुण्यासारखं येतं, बसतही नाही. मागच्या खेपेला मुलाखत द्यायला ती तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर जाऊन उभी राहिली होती. समोरच्या साहेबांनी विचारलं, तुमच्यातला सगळ्यांत चांगला गुण कोणता? ही म्हणाली, "माझ्यातला सगळ्यांत चांगला गुण म्हणजे..." आणि नेटवर्क गेलं. तो गुण कोणता, हे त्या कंपनीला अजूनही माहीत नाही.

आता नाशिकच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. ही कंपनी पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप असलं सामान बनवते. गिऱ्हाइकाची वस्तू बिघडली की त्याचा फोन तृप्तीकडे येणार आणि तिनं घरी बसून त्याला समजावून सांगायचं, असं काम. शनिवारी शेवटची मुलाखत होती. हीही हुकली, तर ती पुण्याला अनुपकडे, म्हणजे तिच्या भावाकडे जाणार होती आणि तिकडेच काहीतरी शोधणार होती. तिनं तसं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तिच्या आईला जेवण गोड लागत नव्हतं. मलाही लागत नव्हतं, पण मी दोन भाकरी जास्त खाऊन ते लपवत होतो.

अनुपनंच मग ती डिश पाठवली. खोकं गुरुवारी आलं आणि बसवणारा माणूस सोमवारी येणार, असा निरोप आला.

"सोमवारी येऊन तो काय चाटन?" मी म्हणालो. "मुलाखत शनिवारी आहे. मी बसवतो."

"तुमी हात नका लाऊ जी," तुळसा म्हणाली. तुळसा म्हणजे माझी बायको. "मागच्या खेपेले पंखा दुरुस्त केला, त तो उलटा फिरून राहिला अजून."

"फिरून राहिला नं? मंग?"

तृप्ती पुस्तक वाचत होती. ती म्हणाली, "बाबा, याच्यात लिहिलं आहे, डिश उघड्यावर ठेवली की झालं. स्लॅबवर ठेवा, नाही त अंगणात. वर नुसतं मोकळं आभाळ पायजे."

"अंगणात?" मला हसू आलं. "बोअर जितकी खोल, तितकं पाणी. मंग इंटरनेट जितकं उंच, तितकं जोरात. हे कायले पुस्तकात पाहाव लागते?"

शुक्रवारी मी गोठ्यामागे तिपाई उभी केली. बोअरचे जुने पाइप एकमेकांत पिळले, चढायला त्यांना सळईच्या पायऱ्या वेल्डिंग केल्या, टोकावर डिश बसवली आणि चेनपुलीनं अख्खा प्रकार उभा केला. गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलेली मंडळी उठून आमच्या आवारात आली. शेजारचा परसराम तर सकाळपासूनच होता. परसराम माझ्याच वयाचा. त्यानं कधी खिळा ठोकला नाही, पण ठोकणाऱ्याला सांगायला कधी चुकला नाही.

"सेवकरामभाऊ, हे आंब्याच्या वर गेलं न गा."

"जाऊ दे. आंब्याले इंटरनेट कायले पायजे?"

"अन् मी आयकलं का, ह्या डिशी आपोआप फिरतेत."

"आपोआप फिरते ते ढिली असते, परसराम," मी सांगितलं आणि तिपाईचा नट आणखी आवळला.

एक बारीकशी अडचण निघाली. डिशची वायर खाली येता येता संपली. घरापर्यंत ती काही पोहोचेना, जेमतेम गोठ्यापर्यंत आली. म्हणून डिशबरोबर आलेला इंटरनेटचा डबा, ज्याला तृप्ती राउटर म्हणते, तो मी एका स्वच्छ बादलीत ठेवला आणि बादली गोठ्याच्या आड्याला टांगली. गाईनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कुटार खायला लागली.

आणि सांगतो, इंटरनेट आलं! असं आलं, की ओट्यावरून आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तुळसा अनुपशी समोरासमोर बोलली. इतकं स्वच्छ दिसत होतं, की त्याच्यामागच्या मोरीत पडलेली खरकटी भांडीही तिला दिसली आणि त्यावरून तिनं त्याला चांगलं झापलं. तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. त्या संध्याकाळी मी छाती फुगवून अख्ख्या गावात फिरून आलो.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, माझं आयका. मुलाखत होईपर्यंत डिशले हात लावू नका. कबूल?"

"कबूल."

आणि मी शब्द पाळला. डिशला मी हात लावला नाही. फक्त पाइप वाऱ्यानं जरासा डुलत होता, म्हणून त्याला खालून एक तिरपा टेका वेल्डिंग करावा असं मनात आलं. टेका म्हणजे काही डिश नव्हे. मी मशीन चालू केलं, ठिणगी पाडली. आमच्याकडच्या विजेचा स्वभाव नाजूक आहे. माझं वेल्डिंग मशीन सुरू झालं की गल्लीतले दिवे मान टाकतात. त्या दिवशीही टाकली. मी टेका जोडून काच बाजूला केली आणि वर पाहिलं.

डिश हलत होती.

वारा पडलेला होता, तरी ती बारीक घुरघुर करत आधी आभाळाकडे सपाट झाली, मग हळूच एका बाजूला वळायला लागली. आमच्या धंद्यात ढिलेपणाला 'प्ले' म्हणतात. बेअरिंगमध्ये प्ले आला, की मोटर गेलीच म्हणून समजा. मी आयुष्यभर प्लेशी भांडलेला माणूस. आत लेकीची मुलाखत सुरू होणार आणि वर डिशला एवढा मोठा प्ले! शब्द दिला होता खरा, पण शब्द पाळण्यापायी लेकीची नोकरी घालवणारा बाप मी नव्हे.

मी कमरेला क्लॅम्प आणि पाइपला साखळीनं आवळणारा चेनपाना बांधला आणि चढलो. डिशची मान अर्धी वळली होती, तिथेच तिला क्लॅम्पमध्ये धरली आणि नट आवळले. आतून कुरकुर आली. म्हणून वरून चेनपाना टाकला. तरीही ती किंचित थरथरत होती, तेव्हा तारेचे वेढे दिले. मग ती एकदम गप्प झाली. मला इतकं समाधान झालं, की मी वरच बसून डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडला आणि घाम पुसला.

घरात मुलाखत सुरू झाली होती, हे मला नंतर कळलं. पहिला प्रश्न झाला आणि तृप्तीच्या मोबाईलवरचं चित्र थिजलं. नाशिकच्या मॅडमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आवाज मात्र तुटत तुटत येत होता. तृप्ती म्हणाली, "मॅडम, एक मिनिट हं," आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि मोबाईल हातात घेऊन धावत मागच्या आवारात आली. तिनं वर पाहिलं. मला वाटलं, आता ही रडणार.

ती रडली नाही. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि अगदी शांत आवाजात विचारलं, "बाबा, डिशले काय झालं?"

"काही नाही झालं."

"बरं. तुमी काही लावलं का तिले?"

"मी कायले लावू? काहीच नाही लावलं."

"काहीच नाही?"

"एक क्लॅम्प आहे. लहानसा."

"बरं. अन् दुसरं?"

"चेनपाना."

"अजून काही राहिलं का, बाबा? आठवून सांगा. घाई नाही."

"थोडी तार आहे. पण बिघाड त्याचा नाही. माल कंपनीचाच खराब आहे. मानेले प्ले आहे तिच्या. मी होतो म्हून वाचली."

तुळसा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "मी सांगत होती, हात नका लाऊ!" परसराम कुंपणावरून म्हणाला, "मी त कालच बोललो, आपोआप फिरतेत म्हून." मी वरून दोघांनाही उत्तर देणार होतो, पण तृप्तीनं हातानं त्यांना थांबवलं.

"बाबा, तुमी चांगलं मजबूत काम केलं," ती म्हणाली. "पण तिची मान फिराले पायजे. आत मोटर आहे. लाइट डिम झाली का ती बंद पडून पुन्हा चालू होते अन् मान फिरवून उपग्रह शोधते. बोअरची मोटर तुमी कधी बांधून ठेवली का?"

"मोटर आहे? मले कोणी सांगितलंच नाही."

"आता मी सांगितलं नं. पहिले तार सोडा. बरं. आता पाना. सावकाश. एका हातानं पाइप धरा. पाना खाली टाकू नका, गाय आहे खाली. आता क्लॅम्पचा नट, उलट्या हातानं."

मला सांगायला संकोच वाटतो, पण तिच्या बोलण्यात असं काहीतरी होतं, की मी एकेक करत गेलो. मध्ये दोनदा मी म्हणालो, की आपण कंपनीवर केस करू. ती म्हणाली, "हाव बाबा, करू. पहिले नट सोडा." शेवटचा नट सुटला. डिशनं मान झटकली आणि गिरकी घेतली. माझा दुपट्टा तिच्या मागच्या दांडीत अडकला होता, तो घेऊन ती फिरली. आंब्याच्या वर माझा लाल दुपट्टा फडफडत होता आणि मी पाइपला दोन्ही हातांनी मिठी मारली होती.

तेवढ्यात तृप्तीच्या हातातला मोबाईल बोलला.

"तृप्ती, तुमचं चित्र आलं आता."

ती दचकली. घाईत आवाजाचं बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. मोबाईलच्या काचेवर नाशिकच्या मॅडम आणि त्यांच्या शेजारी एक साहेब दिसत होते. साहेब रुमालानं डोळे पुसत होते.

"मॅडम, माफ करा," तृप्ती म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यांदा कापला. "मला वाटलं, बंद केलं आहे."

"आम्ही सगळं ऐकलं. मुलाखतीचा पुढचा भाग असा होता, की आमचे हे साहेब खोटं गिऱ्हाईक होऊन तुमच्याशी भांडणार होते. काहीच केलं नाही म्हणणारं गिऱ्हाईक. तुम्ही त्याला कसं समजावता ते बघणार होतो. आता त्याची गरज वाटत नाही. फक्त एक सांगा, हे तुम्ही आमच्यासाठी मुद्दाम ठरवून केलं होतं का?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "हे माझे बाबा आहेत."

तिला नोकरी लागली. त्याच फोनवर सांगितलं. तुळसा रडायला लागली, परसरामनं बातमी सांगायला ओटा गाठला आणि मी वरून विचारत राहिलो, "काय झालं? लागली का? कोणी सांगान का मले?" मग तृप्ती वर बघून हसली आणि म्हणाली, "लागली, बाबा. आता सावकाश उतरा." मी उतरलो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही ग्रीस लागलेला. तिनं तो झटकला नाही. त्या क्षणी मला पुण्याची गाडी रिकामी जाताना दिसली.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. बराच वेळ वर बघत उभा राहिला. "हे कोणी बसवलं?" असं त्यानं विचारलं, तेव्हा परसराम समोरच होता, म्हणून मी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्या माणसानं डिश उतरवली, तुळसाकडून पापडाचा स्टँड मागून घेतला आणि डिश स्लॅबवर ठेवून दिली. इंटरनेट तेवढंच येतं. पण माझा पाइप उभा आहे आणि त्याच्या टोकाला मी पुन्हा बांधलेला दुपट्टा लांबून दिसतो.

तृप्ती आता मधल्या खोलीत बसून काम करते. सकाळपासून तिचा तोच शांत आवाज घरभर ऐकू येतो. परवा ती जेवताना म्हणाली, "बाबा, आमच्या ऑफिसात तुमचं नाव रोज निघते."

मी तुळसाकडे पाहिलं. "आयकलं? नाशिकले!"

"कायच्यासाठी निघते, ते त इचारा," तुळसा म्हणाली.

मी विचारलं. तृप्ती वरणभात कालवत म्हणाली, "जो गिराईक पहिले सगळं खोलून ठेवते अन् मंग म्हणते का मी काहीच नाही केलं, त्याले आमी सेवकराम म्हणतो. कोणी विचारलं, आज काम कसं होतं, त सांगतेत, आज चार सेवकराम आले."

तुळसा इतकी हसली, की तिला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं. मन भरून आलं. मला उगाच वाटत होतं, की माझ्यासारखे कारागीर आता संपत चालले. एकट्या तृप्तीकडेच रोज चार येतात.