शुक्रीचे दोनशे चौदा चष्मे

सोमवारी दुपारी साडेचारला योगिताने बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'दुरुस्ती यशस्वी. २१४ नोंदी.'

"झालं, आजी!" ती समोरच्या खुर्चीत बसलेल्या शुक्रीला म्हणाली. "नाव, पाडा, वय, फोन, सगळं नीट केलं."

"यादीत मना सुकरी लिवलेलं," शुक्रीने तिसऱ्यांदा बजावलं. "सुकरी माझी नणंद. ती मेली. तिचा चष्मा मना नको."

"नाही हो, आता तुम्ही शुक्रीच."

शुक्री समाधानाने उठून गेली. योगितालाही बरं वाटलं. शिबिरात नोंदलेली माणसं बरोब्बर दोनशे चौदा होती आणि पडद्यावरही आकडा दोनशे चौदाच होता. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, असा तिने अर्थ लावला. कॉम्प्युटर बंद करून, ऑफिसला कुलूप घालून ती तीन दिवस चुलतबहिणीच्या साखरपुड्याला निघून गेली.

हे ऑफिस म्हणजे तलासरीतल्या टाइल्सच्या दुकानामागची एक खोली. घोलवडच्या मनिषभाईंनी आपल्यासारख्याच चार वाडीवाल्यांना जमवून 'उजेड मंडळ' काढलं होतं, त्याचं हे ऑफिस. मनिषभाईंची चिकूची वाडी आणि नर्सरी होती, आणि त्यांच्या वडिलांना शेवटची काही वर्षं चिकूचा रंगसुद्धा दिसत नव्हता. म्हणून हे मंडळ. २०१६च्या मार्चमध्ये त्यांनी डोंगराकडच्या पाड्यांसाठी डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेआधी प्रत्येकाला फुकट चष्मा द्यायचा, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

"यंदा कागद बंद," मनिषभाई म्हणाले होते. "योगिता, तू डहाणू रोडला सहा महिने कॉम्प्युटर शिकलीस ना? एक वेबसाइट कर. तिकडे वापीचा चष्मेवाला यादी बघेल, चष्मे करेल, तयार झाले की पेशंटला आपोआप मेसेज."

योगिता तेवीस वर्षांची होती आणि 'नाही' हा शब्द तिला अजून यायचा होता. तिने तीन आठवड्यांत वेबसाइट केली. अडलं की ती इंटरनेटवरच्या एका चर्चामंचावर प्रश्न टाकायची. तिथे तिच्या बहुतेक प्रश्नांना 'हे आधी विचारून झालं आहे' असं उत्तर मिळायचं, पण कुणीतरी मागाहून येऊन समजावूनही सांगायचं.

शिबिराच्या दिवशी पहिली अडचण सकाळी दहालाच आली. योगिताने डेटाबेसमध्ये माणसाची ओळख म्हणून त्याचं नावच ठरवलं होतं. सोमी नावाची पहिली बाई नोंदली गेली. दुसरी सोमी आली, तर कॉम्प्युटर म्हणाला, 'ही आधीच आहे.' आता, ज्या भागात सोमवारी जन्मलेली सोमी आणि शुक्रवारी जन्मलेला सुकऱ्या, तिथे एका ओळीत किती सोम्या उभ्या असतील याचा अंदाज डहाणू रोडच्या क्लासात कुणी शिकवला नव्हता. मागे दोनशे माणसं उन्हात ताटकळत होती. योगिताने ती ओळखीची अटच काढून टाकली. कॉम्प्युटर गप्प झाला. तो गप्प झाला म्हणजे अडचण सुटली, असं तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती साखरपुड्याहून परतली आणि कुलूप काढते आहे तोच वापीहून फोन आला.

"योगिताबेन, माल निघाला. अर्ध्या तासात पोचेल. पण एक वात पूछूं?"

"विचारा ना."

"या शुक्रीबेनला डोळे किती?"

"दोन. का हो?"

"नाही, चष्मे दोनशे चौदा आहेत. सगळ्यांवर त्यांचंच नाव. मला वाटलं, दुकान टाकत असतील."

योगिताने फोन ठेवला. तिने कॉम्प्युटर चालू केला. पहिली नोंद: शुक्री, वय एकसष्ट. दुसरी: शुक्री, वय एकसष्ट. ती खाली सरकवत गेली. शुक्री, शुक्री, शुक्री. पाडा एकच, फोन नंबर एकच. चष्म्याचे नंबर तेवढे वेगळे होते, कारण ते दुसऱ्या पानावर भरले जायचे. सोमवारी दुरुस्तीचं पान तिने घाईत केलं होतं. 'नाव बदल' असं कॉम्प्युटरला सांगितलं होतं. 'कुणाचं' ते सांगायचं राहिलं होतं. त्याने बिचाऱ्याने सगळ्यांचं बदललं.

तिने मंचावर लिहिलं, "सगळ्या नोंदी बदलल्या गेल्या. परत कशा आणू?"

तीन मिनिटांत कुणा अनोळख्याचं उत्तर आलं. "बॅकअप आहे?"

"नाही."

"मग आजपासून जन्मभर ठेवशील. रडू नकोस, आमच्यातल्या प्रत्येकाने एकदा हे केलंय. मी बँकेत केलं होतं. जुनं विसर. काय शाबूत आहे ते बघ आणि तिथून सुरुवात कर."

ती रडतच होती, पण बँकेचं वाचून तिला जरा धीर आला. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. चष्म्यांची खोकी आली असतील म्हणून ती धावली, तर दारात गवताचा टेम्पो उभा होता. स्टिअरिंगवर शुक्रीचा पुतण्या बाबल्या, आणि शेजारी नवी साडी नेसून खुद्द शुक्री.

"ताई, काल संध्याकाळपासून फोन थांबतच नाय," बाबल्या मोबाइल पुढे करत म्हणाला. "'आपला चष्मा तयार आहे.' 'आपला चष्मा तयार आहे.' मी मोजले. दोनशे चौदा! म्हटलं एवढे चष्मे पिशवीत मावायचे नायत. टेम्पोच घेऊन आलो."

"मना एकच पुरला असता," शुक्री संकोचून म्हणाली. "पण सरकारनी दिलेच तर नाय कशाला म्हणायचं."

सरकारचा यात काही संबंध नाही, हे सांगण्याचं त्राण योगितात नव्हतं. तिने जे झालं ते सरळ सांगून टाकलं. बाबल्या आधी हसला, मग एकदम थांबला.

"म्हणजे बाकीच्यांना मेसेज गेलाच नाय?"

"नाही. आणि उद्या वाटप आहे. आणि कोणता चष्मा कुणाचा ते मलाही माहीत नाही."

शुक्रीने थोडा विचार केला. "बाबल्या, उद्या गवत ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चष्मे माझ्या नावाचे हायत ना? मग माणसं मी गोळा करीन."

योगिताने मनिषभाईंना फोन लावला. ओरडा खायची तयारी ठेवून तिने डोळे मिटून सगळं सांगितलं.

"पेटीला नंबर नाही घातलास?" त्यांनी विचारलं.

"कसल्या पेटीला?"

"अगं, आमच्या एका वाडीच्या वीस पेट्या रेल्वेने जातात. नाव सगळ्यांवर एकच. नंबर नसला तर कुठली पेटी कुठल्या व्यापाऱ्याची, देवालासुद्धा कळायचं नाही. नाव सारखं असू शकतं बेटा, नंबर नाही."

सहा महिन्यांच्या क्लासात जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते एका वाक्यात शिरलं.

"चूक माझीही आहे," मनिषभाई पुढे म्हणाले. "कागद बंद म्हणणारा मीच. उद्या मी येतो. निर्मलाताईंनाही घेऊन येतो."

निर्मलाताईंनी शिबिरात डोळे तपासले होते. शनिवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर त्यांनी खोकी उघडली, दोन-चार पाकिटं चाळली आणि पदर खोचला.

"एवढं काय घाबरलीस? यातले दीडशेच्या वर तर नुसते जवळचं दिसायचे आहेत. दोन नंबरचा चष्मा हा दोन नंबरचा चष्मा, मग तो सोमीच्या नाकावर बसो की पुतळीच्या. नंबरप्रमाणे ढीग लाव. मी प्रत्येकाला परत तपासते. दिवस जाईल, पण होईल."

बाबल्याचा टेम्पो पाड्यापाड्यातून माणसं आणू लागला. शुक्री ओसरीच्या पायरीवर बसून प्रत्येकाला नाव, बापाचं नाव आणि पाडा विचारूनच आत सोडत होती. योगिता प्रत्येकाच्या हातात एकेक आकडा लिहिलेली चिठ्ठी देत होती. त्या दिवशी तिने एकही आकडा दोनदा लिहिला नाही.

तक्त्यावरची चिन्हं वाचून झाली, तरी लोकांचा त्यावर भरवसा बसेना. एका बाईने तांदूळ मागवून त्यातले खडे वेचून बघितले. रखमीने सुईत दोरा ओवला आणि पुन्हा काढून पुन्हा ओवला. काकड्याने चष्मा लावून बायकोकडे बराच वेळ पाहिलं.

"हा नंबर बरोबर नाय," तो म्हणाला.

"बरोबर हाय," बायको म्हणाली. "मीच हाय. सवय कर."

दुपारी निर्मलाताईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. शिबिरात पहिल्या सोमीच्या नोंदीत मोठा नंबर भरल्याचं त्यांना आठवत होतं, पण आता तिला तो लागतच नव्हता. दुसऱ्या सोमीला मात्र नेमका तोच लागत होता.

"त्या दिवशी सोमी म्हणून हाक मारली, तेव्हा कोण उठलं होतं?" त्यांनी विचारलं.

"आम्ही तिघी उठलो होतो," दुसरी सोमी म्हणाली. "जी पुढं होती ती आत गेली."

निर्मलाताई आणि योगिताने सारख्या नावाची माणसं वेगळी बसवून नीट चौकशी केली. नऊ जणांचे नंबर शिबिरातच अदलाबदल झाले होते. शुक्रीचं नाव दुरुस्त झालं नसतं, तर चष्मे ठरल्याप्रमाणे नावानिशी वाटले गेले असते, आणि या नऊ जणांनी चुकीचा चष्मा मुकाट्याने घरी नेला असता. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवणं त्यांच्यापैकी कुणालाच जमलं नसतं.

संध्याकाळी एक चष्मा उरला आणि एक माणूस. सत्तरीतला सुकऱ्या. त्याला कुठलाच चष्मा चालेना. तक्ता जवळ नेला, तरी तो भिंतीकडेच बघून नम्रपणे म्हणायचा, "चांगला हाय, म्याडम. चालंल."

"सुकऱ्याबाबा, त्या दिवशी तुम्हाला तपासलं होतं ना?" निर्मलाताईंनी विचारलं.

"नाय. माझं नाव पुकारलं, तर दुसरा सुकऱ्या उठला. म्हटलं त्याला घाई असंल. परत पुकारलं, तरी तोच उठला. मग मी घरी गेलो."

दुसरा सुकऱ्या अजून ओसरीवरच होता. "दोनदा बोलावलं म्हणून दोनदा गेलो," तो म्हणाला. "नाय गेलो तर वाईट दिसतं."

निर्मलाताईंनी बॅटरी लावून म्हाताऱ्याचे डोळे पाहिले आणि त्यांचा आवाज उतरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पुरता पिकलेला. "याला चष्मा उपयोगाचा नाही. ऑपरेशन लवकर व्हायला हवं. आज तपासलं नसतं तर..."

मनिषभाई तिथल्या तिथे उठून बाजूला गेले आणि फोन करू लागले. योगिता म्हाताऱ्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"बाबा, माझ्यामुळे तुम्हाला दोन हेलपाटे पडले. माझी चूक झाली."

"असूं दे, म्याडम," सुकऱ्या तिच्या आवाजाच्या दिशेने हात जोडत म्हणाला. "तुम्ही मोठी माणसं. किती कामं तुमच्यामागं."

सोमवारी बाबल्यानेच त्याला डहाणूच्या दवाखान्यात नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्या आठवड्यात योगिताने वेबसाइट मुळापासून पुन्हा बांधली, आणि रोज संध्याकाळी बॅकअप घेतल्याशिवाय ती घरी जाईनाशी झाली. शुक्रीने चष्मा लावून जत्रा केली. विवळवेढ्याला गर्दीत हरवलेल्या दोन नाती तिने लांबूनच ओळखल्या, असं बाबल्या सांगत होता.

मे महिन्यात एका सकाळी सुकऱ्या एकटाच ऑफिसात आला. हातात काठी होती, पण ती तो टेकवत नव्हता. फडक्यात बांधून आणलेली करवंदं त्याने टेबलावर ठेवली.

"योगिता म्याडमना भेटायचंय," तो म्हणाला.

"मीच योगिता, बाबा. बसा."

सुकऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खोलीत आणखी कुणी आहे का तेही पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"तू?" तो म्हणाला. "एवढीशी पोर? आवाजावरून मना वाटलं, कुणी मोठी बाई हाय. म्हणून त्या दिवशी काय बोललो नाय. दोन हेलपाटे घातले तुनी मना. पोर हाय असं कळलं असतं, तर चांगला रागावलो असतो."

"मग आता रागवा, बाबा," योगिता म्हणाली. "माझी हरकत नाही."

म्हाताऱ्याने रागवायला तोंड उघडलं, पण त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरू लागली. तिच्या कपाळावरची टिकली, कानातले डूल, डोळ्यांत तरारलेलं पाणी, सगळं त्याने सावकाश बघून घेतलं.

"आता कसा रागावू," तो म्हणाला. "आता दिसतंय ना."