'प'वर पाळत

बस्त्यावअंकलचा 'प'वर काडीचाही विश्वास नाही. 'म' चांगल्या घरचा, 'ब' अंगाने जाड पण दिलदार, आणि 'प' मात्र पक्का लफंगा, असं त्यांचं ठाम मत. "तोंडाशी येतो, दार ढकलतो आणि पळून जातो," असं ते मुलांना बजावतात. "आणि बॅग बघितली का त्याची? पोट एका बाजूला, काठी एका बाजूला. असा गेस्ट लॉबीत शिरला तर मी नजर हटवत नाही त्याच्यावरून!"

बस्त्यावअंकल दुबईतल्या एका हॉटेलात बेल कॅप्टन आहेत. म्हणजे पाहुण्यांच्या बॅगा उचलणाऱ्या पोरांचे मुकादम. मूळ वसईचे. करामा भागातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहतात. सारा जन्म बॅगा बघण्यात गेल्यामुळे माणसाकडे ते नंतर बघतात. "आधी बॅग बघायची," हा त्यांचा मंत्र. लिफ्टमध्ये बिर्याणीवाल्या पोराच्या पिशवीकडेसुद्धा ते असं बघतात की त्या बिचाऱ्याला आपण बिर्याणी चोरून आणल्यासारखं वाटावं. एकदा माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीत डोकावून म्हणाले, "मॅडम, खालची मेथी पिवळी दिली हां तुम्हाला." घरी येऊन बघितलं, तर होतीच पिवळी.

मला राग आला. कारण संशय घेणं हे आमच्या घरात माझं खातं आहे. माहेरी मला 'फौजदार' म्हणायचे. माझा नवरा हेमंत लांबच्या हमरिया फ्री झोनमध्ये कामाला आहे, पहाटे निघतो तो दिवे लागल्यावर उगवतो. तो म्हणतो, "अगं, सगळे चोर नसतात." मी म्हणते, "नसतात, पण जे असतात ते काय पाटी लावून येतात?"

तर अशा आम्हा दोन संशयी माणसांची लिफ्टमध्ये ओळख झाली. माझी इरा ऊद मेथाच्या शाळेत के.जी.त जाते. साताऱ्याच्या आजीने फोनवर "कशी आहेस गं बाळा?" विचारलं की ही म्हणते, "आय ॲम फाइन, आजी, हिअर इज मम्मा." आणि फोन माझ्या हातात. हे बस्त्यावअंकलनी लिफ्टमध्ये ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, शनिवारी मी शिकवतो मुलांना. मराठी अक्षरं. तुमचा हॉल मोठा आहे."

"आणि फी?"

"फी खलास. नो फी."

मी कान टवकारले. या शहरात सुपरमार्केटात पिशवीसुद्धा फुकट मिळत नाही, आणि हा माणूस आठवड्यातली सुट्टी फुकट घालवणार? पण इराचं मराठी इतकं दिव्य होतं की मी हो म्हटलं. बिल्डिंगमधली आणखी तीन मुलं आली आणि आमच्या हॉलमध्ये शाळा सुरू झाली.

शिकवणं मात्र अजब. 'अ आ इ ई' नाही, 'क ख ग' नाही. सुरुवातच 'म'पासून. प्रत्येक मुलाच्या हातात दाढीचा छोटा आरसा. "ओठ बघा. बंद? नाकावर बोट ठेवा. आता म्हणा म्‌म्‌म. नाकात माशी गुणगुणली? हा म. सभ्य माणूस. दार न उघडता आत येतो." मग सगळ्यांनी नाक दाबून 'म' म्हणायचा. नाक दाबलं की 'म' बाहेर पडतच नाही, भलतंच काहीतरी येतं, आणि मुलं हसून गडाबडा लोळतात. त्यानंतर आकार. मुलं एकामागे एक बसणार, मागच्याने पुढच्याच्या पाठीवर बोटाने 'म' काढायचा, पुढच्याने ओळखायचा. 'प'च्या वेळी तोंडासमोर टिश्यू पेपर धरायचा. 'प' म्हटलं की कागद फर्रकन उडाला पाहिजे. "उडाला? पळाला चोर!"

हे सगळं गमतीचं होतं, पण कितीतरी शनिवार गेले तरी 'म' आणि 'प' यांच्यापुढे गाडी सरकेना. मी म्हटलं, "अहो, या वेगाने 'ज्ञ'पर्यंत पोचेतो हिचं लग्न होईल."

"मॅडम, सगळे गेस्ट एकदम चेक-इन केले तर चेहरा कुणाचा लक्षात राहील?" ते म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती फोनवरून. वर्ग सुरू झाला की अंकल आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचे आणि मुलांचा आवाज रेकॉर्ड करायचे. त्यातही नेहमी इराला पुढे बसवायचे. "इरा माझी स्टार!" आईच ती, मी चार दिवस फुशारले. मग शांतपणे ऐकलं. इराचा 'म' म्हणजे गाय हंबरल्यासारखा. बाकीची तिन्ही मुलं हिच्यापेक्षा स्वच्छ म्हणत होती. मग स्टार हीच का? शिवाय वर्गाआधी दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ, ते एकेका मुलाच्या कानाला फोन लावायचे. मुलं गंभीरपणे माना डोलवायची. मी जवळ गेले की फोन खिशात.

मी तपास सुरू केला. आमच्या बिल्डिंगच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, बहोत अच्छा आदमी." असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात त्याचीच मला जास्त भीती वाटते. खालच्या मजल्यावरच्या शिल्पाचा मुलगाही वर्गाला यायचा. तिने वेगळंच सांगितलं. "हल्ली मशीनला बोलायला शिकवायला आवाज लागतात म्हणे. मुलांचे आवाज विकत असेल तो!"

मी रात्रीच्या जेवणाला हेमंतच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "इराचं मराठी ऐकून मशीन बिघडेल." या माणसाला कशाचं गांभीर्य नाही. परक्याच्या फोनमध्ये माझ्या मुलीचा आवाज, आणि तो जातोय कुठे ते मला ठाऊक नाही. मला झोप लागेना.

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी त्यांना दारातच अडवलं. "अंकल, हे रेकॉर्डिंग कुणाला पाठवता?"

"घरी, मॅडम."

"घरी म्हणजे कुणाला?"

ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. "फॅमिलीला."

"फॅमिलीला माझ्या मुलीचा आवाज कशाला हवा? पुढच्या वेळेपासून फोन आणू नका."

मला वाटलं वाद घालतील, निदान रागावतील. ते फक्त म्हणाले, "नो प्रॉब्लेम, मॅडम," आणि जिन्याने वर गेले. लिफ्टसुद्धा घेतली नाही.

पुढच्या शनिवारी आले ते रिकाम्या हाताने. त्या दिवशी 'ब' सुरू व्हायचा होता. त्याआधी उजळणी म्हणून त्यांनी 'प' घेतला, तर त्याला एक शिवी नाही, बॅगेचा विषय नाही. इतकं सभ्य वागवलं 'प'ला की मुलं कंटाळली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. कागद उडाला तरी कुणी हसेना.

शेवटी इरा म्हणाली, "अंकल, व्हेअर इज फिलो?"

मी पुढे झाले. "कोण फिलो?"

"अवर क्लासमेट, मम्मा. शी इज इन द फोन."

"शी इज व्हेरी स्लो," शिल्पाच्या मुलाने माहिती पुरवली. "म टुक हर सो लाँग!"

"बट शी ट्राइज," इरा त्याच्यावर खेकसली.

"आणि हे तू मला का नाही सांगितलंस?"

"यू डिडन्ट आस्क मी. यू आस्क्ड द नातूर."

मी अंकलकडे बघितलं. त्यांनी आरसे गोळा करायला घेतले. मग खाली बघतच म्हणाले, "फिलोमिना. माझी मिसेस. अर्धांगाचा झटका आला मॅडम तिला, वाचा गेली. गावात बालवाडी चालवायची ती. आमच्या आळीतल्या प्रत्येक पोराला तिने 'म' शिकवलाय. आता घरी बाई येते तिला बोलायला शिकवायला, तर ही तोंड फिरवते. जणू म्हणते, मला 'म' शिकवणार? मला? मी सुट्टीत गेलो, मी म्हटलं माझ्यामागे म्हण, तर माझ्यावर उशी फेकली."

"मग मुलं..."

"मुलं चुकली की तिला राहवत नाही. टीचर आहे ना. चूक ऐकली की दुरुस्त करायला तोंड उघडते. सून ते रेकॉर्ड करून पाठवते मला, आणि मी मुलांना ऐकवतो." त्यांनी एक आरसा बाहीने पुसला. "इरा सगळ्यात जास्त चुकते, म्हणून ती स्टार. सॉरी हां, मॅडम."

"व्हिडिओवर तरी बोलायचं तिच्याशी."

"तोंड वाकडं झालंय. दाखवत नाही मला."

"आणि हे म, प, ब?"

"ओठांची अक्षरं आधी येतात, असं ती बाई सांगते. पण मी 'ब'साठी थांबलोय, मॅडम. माझं नाव 'ब'पासून. ओटीवरून हाक मारायची ती, बस्त्याव! अख्खी आळी वळून बघायची." मग घड्याळाकडे न बघताच म्हणाले, "आज शनिवार. सकाळपासून उशीला टेकून बसली असेल. मी सुनेला अजून काही कळवलं नाही. काय कळवणार?"

मला स्वतःची लाज वाटली. मी एवढंच म्हटलं, "वर जा आणि फोन घेऊन या. यल्ला, लवकर."

'ब' आला. पोटात काठी तिरकी घातलेला, अंगाने जाड, दिलदार 'ब'. पाठीवर काढून झाला, आरशात बघून झाला. इराने फोनसमोर बसून 'ब' म्हटला, आणि तो इतका वाईट म्हटला की मला प्रथमच तिचा अभिमान वाटला. अंकलनी तो पाठवला. मग कुणी घरी जायला तयार होईना. मी मुलांना खजूर दिले, अंकलना चहा दिला. त्यांनी कप हातात धरला आणि तो प्यायचे विसरले.

फोन वाजला. सुनेचं रेकॉर्डिंग आलं होतं. अंकलनी तो उचलून माझ्यासमोर धरला. "तुम्ही ऐका आधी, मॅडम."

मी तो टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसाठीच लावला. आधी पंख्याचा आवाज. कुठेतरी कोंबडी. सुनेचा आवाज, "सांगा आई, बरोबर आहे का पोरीचं?" मग बराच वेळ नुसता श्वास. मुलं फोनभोवती डोकी घालून बसली होती. इराने स्वतःचे ओठ घट्ट मिटून घेतले होते, जणू तिकडच्या ओठांना मदत करत होती. आणि मग आला. जड, घसरलेला, पण रागावलेला. चुकलेल्या पोरीवर टीचरने रागवावं तसा.

"ब."

आणि लगेच पुन्हा, अजून ठणकावून, "ब!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. अंकल उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून एसीची जाळी तपासू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

इराने माझा हात ओढला. "मम्मा, व्हाय इज ही क्राइंग? शी गॉट इट राइट!"